कामोल्यीच्या धक्क्यावर सुबोध

सुबोध सोनकांबळे भित्रा माणूस आहे. हे मी त्याच्या तोंडावर म्हणत आले आहे आणि तो नुसती मान डोलावतो, तेव्हा इथे लिहायला हरकत नसावी. आम्ही दोघंही हॉलंडमध्ये लायडस्खेनडामला राहतो. त्याच्या घरापासून माझं घर सायकलनं चार मिनिटांवर आहे. तो आणि त्याची बायको नीरजा मला शुभदाताई म्हणतात आणि घरात काही बिनसलं की माझ्याकडे चहाला येतात, बहुतेक वेळा वेगवेगळे.

घर घ्यायला निघाला तेव्हा सुबोधनं दलालाला पहिला प्रश्न विचारला तो असा, की ही जमीन समुद्राच्या पातळीच्या किती खाली आहे. दलाल हसला. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं म्हणाला. सुबोधनं मग दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. दाराजवळच्या कपाटात पाण्याचे डबे, शिट्टी, बॅटरीवर चालणारा रेडिओ आणि मेणबत्त्या असलेली पिशवी ठेवली. गेल्या वर्षी सरकारनंच घरोघरी पत्रक पाठवून अशी पिशवी तयार ठेवायला सांगितलं, तेव्हा मात्र इथल्या मराठी मंडळींतले काहीजण गुपचूप त्याला यादी मागायला गेले.

गंमत अशी, की या माणसाचं पोट लाटांवर चालतं. डेल्फ्टला एका संशोधन संस्थेत तो कॉम्प्युटरवर लाटांची गणितं करतो. वादळात कुठली लाट समुद्राच्या बांधावर किती उंच चढेल, कुठला बांध कुठे कमी पडेल, हे सांगायचं त्याचं काम. पोहता येत नाही. बोटीत बसत नाही. आमच्या गावच्या कालव्याकाठी चालतानासुद्धा तो घरांच्या बाजूनं चालतो आणि लेकीला पाण्याच्या बाजूला जाऊ देत नाही. लेकीचं नाव धम्मदीपा, घरात दीपा. वय तेरा. तिच्याकडे पोहण्याच्या तिन्ही पायऱ्यांची सर्टिफिकेटं आहेत, इथे शाळेतल्या सगळ्याच मुलांकडे असतात तशी. ती मिळवताना तिचा बाप तलावाबाहेर, चपला ठेवतात त्या खोलीत बसून असायचा.

हे कुठून आलं ते त्यानं मला एकदाच सांगितलं. तो गंगाखेडचा. अकरा वर्षांचा असताना गोदावरीला पूर आला, आणि हा घरासमोरच्या भिंतीवर विटेच्या तुकड्यानं रेघा ओढत बसला होता, पाणी किती वेळात किती चढतं ते बघत. शेजारी गयाबाई म्हणून म्हातारी राहायची. तिला हा सांगायला गेला, की अर्ध्या तासात तुमच्या उंबऱ्यावर पाणी येणार. तिनं ऐकलं, निघालीही, आणि मग ज्वारीचा डबा आणायला परत आत गेली. त्याचा हिशोब पाच मिनिटांनी चुकला होता. पाणी लवकर आलं, आणि गयाबाई आतच राहिली.

"मी अर्धा तास सांगितला होता, ताई," तो म्हणाला होता.

आता कामोल्यीची गोष्ट सांगते. ही मी तिघांकडूनही ऐकली आहे.

ऑक्टोबरात इथे शाळांना आठवड्याची सुट्टी असते. नीरजा शेजारच्या फोरबर्गच्या ग्रंथालयात कामाला आहे, तिलाही तेव्हा रजा मिळते. तिघं इटलीत जेनोआला गेले. चार दिवस मुक्काम, त्यातला एक दिवस कामोल्यीसाठी राखलेला. कामोल्यी म्हणजे समुद्रकाठचं जुनं गाव, जेनोआहून आगगाडीनं पाऊण तास. एके काळी तिथले पुरुष मोठमोठ्या शिडाच्या जहाजांवर कप्तान होऊन जायचे आणि मागे बायका राहायच्या, म्हणून गावाचं नाव बायकांच्या घरांवरून पडलं असं लोक सांगतात. नीरजानं हे सगळं निघण्याआधीच वाचून ठेवलं होतं.

साडेदहाला गाडीतून उतरले तेव्हा स्वच्छ ऊन होतं. समुद्राला तोंड करून सहा-सहा, सात-सात मजली घरं, गेरू, गुलाबी, पिवळ्या रंगांची. त्यांच्यातल्या कितीतरी खिडक्या खऱ्या नाहीत, भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या आहेत. दीपा खरी कुठली आणि खोटी कुठली ते ओळखत चालली होती. लाटांवर ओणवं झालेलं एक चर्च, त्याला लागून खडकावर छोटा किल्ला, आणि त्याच्या पलीकडे मूठभर बंदर. बंदराच्या तोंडाशी दगडी धक्का आहे, टोकाला दिवा असलेला.

सुबोधला गाव आवडलं. फोकाच्चा नावाचा तिथला गरम पाव घेऊन ते किनाऱ्याच्या कठड्यावर बसले. तिथे वाळू नाही, गोटे आहेत. लाट परत फिरली की ते खडखडत तिच्यामागे घरंगळतात. बसल्या बसल्या सुबोध घड्याळ बघून दोन लाटांमधलं अंतर मोजत होता. ही त्याची खोडच आहे, लोक जशी बोटं मोडतात तशी. पाच सेकंद, साडेचार, पाच. रोजचा समुद्र.

कामोल्यीहून पुढे डोंगराच्या पोटात सान फ्रुत्तुओझो नावाचा हजार वर्षांचा मठ आहे. तिथे मोटाररस्ता नाही. बोटीनं अर्धा तास, नाहीतर डोंगर चढून उतरून अडीच-तीन तास. दीपाला बोटीनं जायचं होतं.

"तू बस इथे आरामात," नीरजा म्हणाली. "आम्ही चारच्या आत येतो."

"लाइफ जॅकेट कुठे ठेवलीत ते आधी बघून ठेव."

"बघते."

"पप्पा, रिलॅक्स," दीपा म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र इंग्रजी नाहीतर डच.

बाराला बोट सुटली. ती डोंगराच्या नाकाडामागे दिसेनाशी होईपर्यंत सुबोध उभा होता. मग कठड्यावर येऊन बसला आणि पुन्हा मोजायला लागला.

साडेबाराला दोन लाटांमध्ये सात सेकंद झाले.

एकला नऊ.

मला त्यानं हे नीट समजावून सांगितलं, म्हणून मी सांगू शकते. लाटा एकमेकींपासून लांब लांब यायला लागल्या, की समजायचं, कुठेतरी दूर मोठं वादळ झालेलं आहे आणि त्या तिथून चालत आल्या आहेत. वर आभाळ निळं असतं, वारा नसतो, समुद्र उलट शांत झाल्यासारखा दिसतो. पण अशा प्रत्येक लाटेच्या पोटात कितीतरी जास्त पाणी असतं. आणि त्या गटागटानं येतात. दहा मिनिटं काही नाही, मग एकामागून एक चार-पाच.

किनाऱ्यावर लोक आइस्क्रीम खात होते. एक म्हातारं जोडपं टॉवेल पसरून उन्हात झोपलं होतं. गोट्यांचा खडखडाट आता पूर्वीपेक्षा लांबत चालला होता, जणू कुणीतरी पोतीच्या पोती ओढून नेतंय. बाकी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. सुबोधनं नीरजाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. त्या मठाच्या खोबणीत फोनला रेंज नसते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

एक वाजून वीस मिनिटांनी अकरा सेकंद झाले.

तो बंदरावर गेला. बोटीच्या तिकिटांची खिडकी बंद होती, काचेवर हातानं लिहिलेला कागद. फोन धरून त्यानं भाषांतर केलं. समुद्राच्या स्थितीमुळे फेऱ्या थांबवल्या आहेत, एवढंच. गेलेल्या बोटींचं काय, पलीकडे उतरलेल्या माणसांचं काय, त्याबद्दल एक अक्षर नाही. खिडकीपाशी विचारायला कुणी नाही. धक्क्याच्या मुळाशी साठीची एक बाई जाळं उलगडून दुमडत होती. तिला त्यानं इंग्रजीत विचारलं. तिनं हात हलवले, म्हणजे कळत नाही.

"मी स्वतःला सांगत होतो, ताई, की बोटवाल्यांचा जन्म इथे गेलाय, त्यांना कळतं," तो मला म्हणाला. "पण मला नुसती दीपाची पिवळी टोपी दिसत होती. पाण्यावर."

दोन वाजून गेल्यावर डोंगराच्या नाकाडामागून बोट बाहेर आली. लहान, पांढरी, वर जाऊन खाली जाणारी. खाली गेली की पूर्ण दिसेनाशी व्हायची. तिच्यावर पिवळं काही आहे का, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. तो धक्क्यावर चालू लागला. मग पळू लागला, टोकाच्या दिव्याकडे.

जाळंवाली बाई मागून ओरडत होती. त्याला ऐकू येत होतं. थांबला नाही.

समुद्र त्या घटकेला शांत होता. धक्क्याचे दगड ओले होते, म्हणजे मघाशी पाणी वर चढून गेलं होतं, आणि हे त्यानं पाहिलंही. गेली सतरा वर्षं हा माणूस नेमकं हेच लिहीत आला आहे, की अशा वेळी अशा जागी माणसानं पाऊल ठेवू नये. तो सरळ टोकाला गेला आणि डोळ्यांवर हात धरून बोटीकडे बघू लागला.

बोट बंदराजवळ येऊन थांबली. आत येईना. तिनं तोंड फिरवून समुद्राकडे केलं. बंद पडली, आता बुडते, असं सुबोधला वाटलं. खरं म्हणजे कप्तानानं मागून येणारा लाटांचा गट पाहिला होता आणि तो निघून जायची वाट बघत होता.

पहिली लाट धक्क्यावर आपटून त्याच्या घोट्यांवरून गेली. दुसरी त्याला दिसली. ती फार उंच नव्हती, तो सांगतो, पण जाड होती. तिनं त्याला छातीवर उचललं आणि धक्क्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फरफटत नेलं. चष्मा गेला, हातातला फोन गेला. कान-नाक-तोंड पाण्यानं भरलं. वर कुठे, खाली कुठे कळेना. बंदराच्या बाजूच्या काठावर होड्या बांधायचं लोखंडी कडं होतं, त्यात त्याचा डावा हात गेला. कसा गेला ते त्याला माहीत नाही. पाय खाली बंदराच्या पाण्यावर लोंबत होते. तिसरी लाट आली तेव्हा तो डोळे मिटून त्या कड्याला लटकला होता.

"काय आठवलं त्या वेळी?" मी विचारलं होतं.

"काही नाही. आई म्हणून ओरडलो बहुतेक. तोंडात पाणी होतं."

गट निघून गेल्यावर जाळंवाली बाई आणि एक पेन्शनीत निघालेला कोळी असे दोघं धावत आले. त्यांनी त्याला जॅकेटच्या गळ्याला धरून वर ओढला. बाई शिव्या देत होती, हे भाषा न कळताही कळलं. तिचं नाव रोझान्ना.

तेवढ्यात बोट शांतपणे आत आली. कप्तानानं दोर फेकला. माणसं उतरू लागली. कुणी पांढरीफटक पडलेली, कुणी हसणारी. सुबोधला चष्म्याशिवाय हातभर अंतरापलीकडचं दिसत नाही. तो रक्ताळलेल्या गुडघ्यानं लंगडत एकेकाच्या तोंडाजवळ जाऊन बघत होता. लोक बिचकून बाजूला होत होते. "नीरजा, दीपा," अशी हाक मारत तो शेवटच्या माणसापर्यंत गेला.

दोघी बोटीवर नव्हत्या.

इथे सुबोध नेहमी म्हणतो, की लाटेखाली काहीच वाटलं नव्हतं, खरी भीती या वेळेची. तो जमिनीवर बसला. फोन नाही, डोळ्यांना दिसत नाही, भाषा येत नाही, आणि त्याची सगळी माणसं त्या डोंगरामागे.

रोझान्नानं कप्तानाला हटकलं, दोघं बराच वेळ बोलले. मग तिनं कुणालातरी फोन लावला. मठाशेजारी तिच्या बहिणीची खाणावळ होती, तिथे तारेचा फोन होता, हे नंतर समजलं. बोलणं संपवून ती सुबोधसमोर उकिडवी बसली. त्याच्या तळहातावर तिनं दोन बोटं पावलांसारखी चालवली, वर चढवली, खाली उतरवली. मग एक हात उंच धरला, एक त्याच्याहून थोडा खाली. आई आणि मुलगी. चालत निघाल्या.

त्याला कळलं, पण विश्वास बसेना. दुसऱ्याच कुठल्या आई-मुली असतील तर? त्यानं डोक्यावर टोपीची खूण केली. तिच्या पिवळ्या जाळ्याला हात लावून दाखवला. ती पुन्हा फोनवर बोलली आणि मान हलवली. हो, पिवळी.

तिनं त्याला घरी नेलं, नवऱ्याचा जाड लोकरी स्वेटर घालायला दिला. औषधाच्या दुकानातल्या बाईनं गुडघा धुऊन पट्ट्या चिकटवल्या. चारच्या सुमारास रोझान्नानं आपल्या जुन्या गाडीत बसवून त्याला डोंगरावरच्या चर्चपाशी नेऊन सोडला. पायवाट तिथे येऊन मिळते. ती स्वतःही थांबली. दीड तास ती शेजारी भिंतीवर बसून होती. पायवाटेवरून कुणी आलं, की सुबोधला नुसता रंगाचा ठिपका दिसायचा आणि तो उठून उभा राहायचा. जर्मन निघायचे, नाहीतर कुत्रा घेऊन आलेलं गावातलंच कुणी. ऊन उतरायला लागलं होतं. त्या वाटेला एके ठिकाणी कडा आहे, साखळी धरून जावं लागतं असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं, आणि आता त्याला पाण्याऐवजी कडा दिसत होता.

साडेपाचला दीपाचा आवाज ऐकू आला. ती आईशी डचमध्ये भांडत होती, पायाला फोड आल्याबद्दल.

नीरजानं त्याला पाहिलं तेव्हा आधी ओळखलंच नाही. कुणा परक्याचा स्वेटर, चष्मा नाही, पाय बांधलेला. मग तिला कळलं आणि ती चिडली. इतकी, की रोझान्ना दोन पावलं मागे सरकली.

"तू धक्क्यावर गेलास? तू?"

"तुम्ही बोटीत आहात असं वाटलं."

"तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," सुबोध म्हणाला. "मी मोजलं होतं."

दीपा बापाच्या बाहीचं टोक धरून उभी राहिली, आणि जेनोआच्या गाडीत बसेपर्यंत तिनं ते सोडलं नाही.

परत आल्यावर सुबोधचं काही खरं राहिलं नाही. ऑफिसात लाटेचा आलेख समोर आला की तो उठून बाहेर निघून जायचा. आमच्या घरच्या डॉक्टरनं, इथे त्याला हाउसआर्ट्स म्हणतात, त्याला मानसोपचाराची चिठ्ठी दिली आणि रांग चार महिन्यांची आहे असंही सांगितलं. माझ्याकडे येऊन तो एकच गोष्ट उगाळत बसायचा. आयुष्यभर घाबरून मी माहिती गोळा केली, आणि ऐन वेळी त्या माहितीनं पाय थांबवले नाहीत. मग या भीतीचा उपयोग काय?

मी आणखी चहा ओतायचे.

डिसेंबरात एका शनिवारी नीरजा एकटी आली. बूट काढायच्या आधीच म्हणाली, "ताई, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. सुबोधला सांगू की नको ते सांगा."

गोष्ट अशी होती. जाताना बोटीत दीपाला दोनदा उलटी झाली होती. मठापाशी उतरल्यावर नीरजानं पाहिलं, की कप्तान हसणं सोडून समुद्राकडेच बघतोय. दोनच्या आधी त्यानं हाक दिली, ही शेवटची बोट, लवकर चढा. रांग मोठी होती. पण दोघींचा नंबर आला तेव्हा दोन जागा शिल्लक होत्या. मदतनिसानं हातही पुढे केला होता.

"माझा पाय उचलेना," नीरजा म्हणाली. "मला सुबोध दिसायला लागला. तो असता तर चढू दिलं नसतं. मी दीपाला मागे ओढलं आणि म्हटलं, आपण चालत जायचं. आमच्या मागचं जोडपं बसलं त्या जागांवर, आणि सुखरूप पोचलंसुद्धा. वाटेत साखळीच्या जागी मी किती घाबरले ते तर मी कुणालाच सांगितलं नाही. आम्ही बसलो असतो तर तो धक्क्यावर आम्हाला उतरवून घ्यायला उभा असता, त्याला काही झालं नसतं."

"त्या लाटेनं त्याला तरीही नेलंच असतं," मी म्हटलं. "बोट बाहेर होती तेव्हाच आली ना ती?"

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

मी तिला सांग म्हटलं. तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. सुबोध भाजी चिरत होता. त्यानं सुरी खाली ठेवली.

"दोन जागा होत्या?"

"होत्या."

"दीपाला उलट्या झाल्या होत्या, तू मला सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

तो म्हणाला, "मीही चढलो नसतो," आणि पुन्हा चिरायला लागला. नीरजा सांगते, तो रडत होता, पण कांदा होता, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

जानेवारीत त्यानं फोरबर्गच्या तलावात मोठ्यांच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. मला सोबत यायला सांगितलं, कारण घरातलं कुणी सोबत नको होतं. वर्गात आठजण होते. एक सीरियाची आजी, दोन सोमाली भाऊ, एक मोरोक्कन ट्रकवाला, असे. शिकवणारी पंचविशीतली डच मुलगी. पाणी कमरेइतकं. मी काचेमागच्या बाकावर बसले होते.

सुबोध शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबला. बाकीचे उतरले. तो तिथेच, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून. मुलगी जवळ आली, काहीतरी बोलली, घाई न करता दुसऱ्यांकडे गेली. वीस मिनिटं गेली. आजी पाण्यात हात मारत त्याच्याजवळून दोनदा गेली.

तास संपायच्या थोडं आधी तो आणखी एक पायरी उतरला. तळ पायाला लागल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. दांडा सोडला नाही.

बाहेर आल्यावर केस ओले नव्हते, तरी टॉवेलनं पुसत म्हणाला, "फार भीती वाटते, ताई."

"दिसलं मला."

"पुढच्या रविवारी दहाला आहे," तो म्हणाला, आणि सायकलचं कुलूप काढायला वाकला.